हीच जागा, आत्ता चालू

आधीच माफी मागून ठेवतो. ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि शाळा लवकर सुटल्यामुळे जड शब्द माझ्याकडे फारसे नाहीत. आहेत ते रोजच्या वापरातले, धुऊन धुऊन विटलेले. पण ही गोष्ट अशाच शब्दांत सांगावी लागेल, कारण ज्याची ती आहे तो माणूस याहूनही साधं बोलतो. म्हणजे, बोललाच तर.

१

त्याला सगळे गप्पू म्हणत. गप्पा मारायचा म्हणून नव्हे, गप्प बसायचा म्हणून. मावशीच्या लाँड्रीत तो इस्त्री करायचा. कॉलरवर त्याचा हात असा बसलेला की गिऱ्हाइकं शर्ट घालायच्या आधी घटकाभर नुसती बघत राहत. बोलायचं काम मावशीकडे होतं. तिचा आवाज असा होता की वाफेच्या इस्त्रीला आपण उगाच फुसफुसतोय असं वाटावं.

लाँड्रीचा नियम एकच. कपडे आले की चिठ्ठी फाडायची, अर्धी कपड्याला टाचायची आणि अर्धी गिऱ्हाइकाला द्यायची. पुढे ती अर्धी घेऊन जो येईल, त्याचे कपडे. मावशी तोंड बघत नसे.

"तोंडं लक्षात ठेवायला मी काय आरसा आहे?" ती म्हणायची. सख्ख्या दिराला तिने चिठ्ठी नाही म्हणून त्याचाच कोट दिला नव्हता. तो दीर अजून बोलत नाही, आणि मावशीला त्यात काही वाईट वाटत नाही.

काउंटरवर एक कॉम्प्युटर होता. त्यावर व्यापाऱ्यांच्या एका साइटवर लाँड्रीचं खातं होतं. साबण, हँगर, बटणं सगळं तिथून मागवायचं. मालाच्या खाली एकमेकांना चार ओळी लिहायची सोय होती. बटणं दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून यायची आणि ते दुकान एक मुलगी चालवायची. तिला सगळे बटणवाली म्हणत. गप्पू मनातल्या मनातही तिला तेवढंच म्हणायचा, कारण त्याहून पुढे गेलं की त्याचे कान तापत.

दर सोमवारी तो लिहायचा, "पांढरी, चार भोकांची. मागच्यासारखी." मग इकडेतिकडे बघून पुढे एखादं वाक्य लिहायचा, वाचायचा, एकेक अक्षर करत खोडायचा आणि इस्त्रीकडे वळायचा. हा त्याचा नेम होता. कुणी देवपूजा करतं, कुणी दंड-बैठका काढतं, तसा.

एका मंगळवारी तिचं उत्तर आलं होतं, "अहो, असं नका लिहू. दुकानात एकटीच हसले, समोरचा सुतार घाबरला."

गप्पूने वर सरकवून पाहिलं. 'मागच्यासारखी'च्या खाली त्याच्याच नावाने एक ओळ होती.

"बटणांचं पाकीट फेकवत नाही. तुमचं अक्षर असतं त्यावर."

हे वाक्य त्याचंच होतं. पण आदल्या दिवशी त्याने ते खोडलं होतं.

२

हात ओले असतील, त्याने स्वतःला समजावलं. वाफेने बोटं ओली होतात, घसरलं असेल एखादं, गेलं असेल पुढे. खोडायच्या ऐवजी पाठवलं असेल. असं होतं माणसाचं. त्याने टॉवेलला हात पुसले आणि दिवसभर कॉम्प्युटरकडे पाठ करून काम केलं.

पुढच्या सोमवारी तो शहाणा झाला. मागणी लिहिली आणि लगेच हात मागे बांधले. वाक्य फक्त मनात जुळवलं, तेही इस्त्रीच्या टेबलापाशी, एका पोलिसाच्या विजारीवर. विजार घडी करून होईपर्यंत वाक्य पुरं झालं होतं. त्याला ते आवडलं, आणि नेहमीसारखं त्याने ते मनातल्या मनात मोडून टाकलं.

संध्याकाळी ते पडद्यावर होतं.

"बटणं मोजताना तुमचे ओठ हलतात. म्हणून मी लागतात त्यापेक्षा जास्त मागवतो."

खाली तिचं उत्तर होतं. "तरीच म्हटलं, या लाँड्रीतल्या शर्टांना बटणं आहेत की शर्टच बटणांचे आहेत!"

गप्पू पडद्यापासून दोन पावलं मागे सरकला. पण त्याच क्षणी, खोटं कशाला सांगा, गुदगुल्याही झाल्या. ती त्याच्या वाक्यावर हसली होती. वाक्य त्याने पाठवलं नव्हतं हा मुद्दा वेगळा.

"मावशी, तू यावर काही लिहिलंस का?"

"मी?" मावशीने चष्मा वर केला. काचांवर वाफ होती, त्यामुळे तिचे डोळे कुठे आहेत ते तिलाच माहीत. "मला ते यंत्र उघडता येतं आणि त्याच्यावर ओरडता येतं. का रे, चोरी झाली का?"

"नाही... म्हणजे... कुणीतरी आपल्या नावाने लिहितंय."

गप्पू एका दमात इतके शब्द बोलला, यावरूनच मावशीने ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. तिने जावईबापूंना बोलावलं.

३

जावईबापू म्हणजे मावशीच्या मुलीचा नवरा. एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि घरी काहीच करायचे नाहीत. मावशीने त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि सगळ्या चिठ्ठ्या उडून गेल्या. त्या गोळा करून झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर पाहिला.

"आई, यात कुकींचा डोंगर साचलाय."

"आमच्याकडे काउंटरवर कुणी खात नाही."

"खायच्या नव्हेत हो. साइट आपल्या कॉम्प्युटरमध्ये एक खूण ठेवते. पुढच्या वेळी ती खूण दाखवली की साइट आपल्याला ओळखते, पुन्हा पासवर्ड विचारत नाही."

"म्हणजे परक्यांनी माझ्या घरात सामान ठेवलंय? आणि मला न विचारता?"

"विचारून ठेवलंय. प्रत्येक साइट विचारते, मान्य आहे का म्हणून. तुम्ही सगळीकडे मान्य केलंय."

"मग काय करणार? इतकं गोडीने विचारतात! आणि 'नको'चं बटण एवढंसं असतं, ते सापडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं." मग ती एकदम थांबली. "थांबा, म्हणजे ही आपली चिठ्ठीच झाली की! अर्धी माझ्याकडे, अर्धी त्यांच्याकडे."

"तसंच समजा."

"आणि माझ्यासारखंच, साइट तोंड बघत नाही?"

"तिला डोळेच नाहीत. खूण ज्याच्याकडे, तो खातेदार. कुणी खुणेची नक्कल केली, तर साइटच्या लेखी तो म्हणजे तुम्हीच."

हाच नियम आपणही पाळतो, हे आठवून मावशी पहिल्यांदाच थोडी कावरीबावरी झाली. दिराची तिला किंचित दया आली असावी, पण ती टिकली नाही.

जावईबापूंनी एक पान उघडलं. खातं कुठेकुठे उघडं आहे ते त्यावर दिसतं म्हणाले. दोन ओळी होत्या. पहिली, 'हा कॉम्प्युटर'. दुसरी वाचताना त्यांनी टाय सैल केला.

"हीच जागा, आत्ता चालू."

तिघांनी लाँड्रीभर नजर फिरवली. हँगरला टांगलेले कपडे पंख्याने हळूहळू हलत होते.

"इथे दुसरा कॉम्प्युटर आहे?"

"जुना आहे की माळ्यावर," मावशी म्हणाली. "पण त्याची वायर मीच गुंडाळून ठेवलीय. आणि माळ्यावर विजेचं बटणसुद्धा नाही."

"मग साइटचीच चूक असेल." आपल्याला कळत नाही तेव्हा चूक कुणाची हे जावईबापूंना चटकन कळायचं. "हे बटण बघा. 'इतर सगळीकडून बाहेर काढा.' दाबलं की दुसरा गेला. आता गेला नाही तर उद्या तो तुमच्या नावाने ट्रकभर हँगर मागवील. दाबू?"

"थांबा," गप्पू म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे वळली. त्याचे कान इस्त्रीइतके तापले होते. पडद्याच्या कोपऱ्यात बटणवाली काहीतरी लिहीत होती, तीन ठिपके नाचत होते. बटण दाबलं की लिहिणारा जाणार. मग सोमवारी तिला काय मिळणार? पांढरी, चार भोकांची.

"मी... दाबतो नंतर."

"तूच दाब मग, पण दाब," जावईबापू म्हणाले आणि जेवायला बसले. त्यासाठीच ते आले होते असं मावशी नंतर म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी बटणवाली स्वतःच पाकीट घेऊन आली. मावशी पाठीमागच्या खोलीत लवंडली होती. गप्पू एकटा होता, आणि तोंडात टाचण्या होत्या.

"माल पोचवायला मुद्दाम आले," ती काउंटरवर कोपर टेकवून म्हणाली. "म्हटलं बघू तरी, हा माणूस समोरून काय बोलतो."

"म्म," गप्पू म्हणाला.

"टाचण्या काढा आधी."

त्याने टाचण्या काढल्या. आता काहीच कारण उरलं नाही, हे लक्षात येऊन त्याला त्या परत तोंडात घालाव्याशा वाटल्या.

"लिहिताना काय सुटता तुम्ही! काल रात्रीचं वाचून मला झोप नाही. आणि इथे बघावं तर तोंड शिवलेलं. बटणाला भोकं तरी असतात."

"काल... काय लिहिलं?"

"बघा, आता लाजताय!" ती हसली, पण हसता हसता जरा गंभीर झाली. "नक्की येणार ना उद्या सकाळी? मी घरी सांगून ठेवलंय. आईने नवीन चादर घातलीय, उगाच. नाही आलात तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. थट्टा असेल तर आत्ताच सांगा."

"थट्टा... नाही," गप्पू म्हणाला. ते अगदी खरं होतं. एवढं खरं तो उभ्या आयुष्यात बोलला नव्हता.

ती गेली तशी त्याने धावत जाऊन पडदा उघडला. खाली, अगदी शेवटी, त्याच्या नावाने लिहिलं होतं:

"परवा सकाळी तुमचं शटर उघडताना येतो. एक विचारायचंय. ओळखाल ना? निळा शर्ट घालीन."

हे वाक्य त्याने लिहिलं नव्हतं. खोडलं नव्हतं. कुठल्याही विजारीवर मनात जुळवलंसुद्धा नव्हतं. तेवढी हिंमत त्याच्या मनातही कधी झाली नव्हती.

शिवाय, गप्पूकडे निळा शर्ट नव्हता.

५

लाँड्री दुपारी गप्प झाली की वरून टकटक ऐकू यायची. गेले कित्येक दिवस यायची. गरम पाण्याचा नळ थंड होतो, लोखंड आकसतं, तेव्हा असा आवाज होतो. गप्पूला हे माहीत होतं. म्हणून त्याने नळाला हात लावून पाहिला. नळ केव्हाचा गार होता.

टकटक, टकटक. मध्ये थोडा विचार केल्यासारखी शांतता. पुन्हा टकटक.

उंदीर, त्याने ठरवलं. उंदरांना काय, ते कशावरही नाचतात. आणि उंदराला घाबरायचं नसतं, म्हणून तो शिडीवर चढला. एका हातात त्याने लाकडी हँगर घेतला होता. हँगरने उंदराचं काय करणार होता हे त्याने ठरवलं नव्हतं.

माळ्यावर छपराच्या फटीतून ऊन येत होतं, आणि उन्हात धूळ नुसती उभी होती. एका दांडीला न नेलेले कपडे होते. लोक चिठ्ठी हरवतात, गाव बदलतात, जाड होतात. कपडे राहून जातात. दांडीच्या पलीकडे जुनं टेबल आणि त्यावर जुना कॉम्प्युटर. त्याची वायर खरंच गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. मावशीची गाठ. ती गाठ कुणालाही सुटत नसे.

टेबलापुढच्या खुर्चीत निळा शर्ट होता.

खुर्चीवर टाकलेला नव्हता. खुर्चीत होता. त्याची पाठ गप्पूकडे होती. खांदे भरलेले, कॉलर ताठ, आणि दोन्ही बाह्या पुढे टेबलावर, कफ कीबोर्डाच्या काठाला टेकलेले. कफांच्या पुढे काही होतं की नाही ते गप्पूला दिसलं नाही. त्याने बघायचा फार प्रयत्न केला नाही.

इस्त्री मात्र उत्तम होती, हे त्याला मान्य करावं लागलं. बाहीवर दुसरी घडी नव्हती. पाठीवर चुणी नव्हती. कॉलर तर त्याने स्वतः केल्यासारखी होती, आणि नेमकं तेच त्याला अजिबात आवडलं नाही. शर्टातून अजून थोडी वाफ निघत होती.

टकटक थांबली. कॉलर हळूच एका बाजूला कलली. कुणीतरी कान द्यावा तशी.

"माफ करा," गप्पू म्हणाला, आणि खाली उतरला. शिडीच्या शेवटच्या पायऱ्या तो उतरला की त्या त्याला नुसत्या लागल्या, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. गुडघ्याची खूण मात्र महिनाभर होती.

तो सरळ काउंटरला गेला. जावईबापूंचं पान उघडलं. 'हीच जागा, आत्ता चालू.' बोट बटणावर ठेवलं आणि क्षणभर ते तिथेच राहिलं. हा गेला की ती गोड वाक्यं गेली. बटणवाली ज्याची वाट बघतेय तो गेला. उरणार कोण? तोंडात टाचण्या धरलेला एक इसम.

पण त्या कॉलरचं कलणं आठवलं, आणि उद्या सकाळी तिच्या दारात तो शर्ट उभा राहील हे आठवलं. त्याने बटण दाबलं.

साइटने थोडा वेळ विचार केला. मग पडदा कोरा झाला आणि मधोमध अक्षरं आली.

"तुम्हाला बाहेर काढण्यात आलं आहे. पुन्हा आत येण्यासाठी पासवर्ड द्या."

वर, माळ्यावर, टकटक सुरू झाली. आता ती जरा घाईत होती.

"मावशी!" गप्पू ओरडला. गप्पू ओरडला, म्हणून मावशी धडपडत उठून आली. "पासवर्ड काय आपला?"

"मला काय विचारतोस? तो कॉम्प्युटरला ठाऊक असतो ना! म्हणून तर मी लक्षात ठेवला नाही."

त्याने जावईबापूंना फोन लावून सगळं सांगितलं, शर्ट सोडून.

"असं होत नाही," जावईबापू म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "झालंच असेल, तर साइटच्या लेखी खरी चिठ्ठी दुसऱ्याकडे आहे. बाहेरचा तूच. पासवर्ड आठवा, नाहीतर नवीन खातं काढा. आणि आईंना म्हणावं, कालचं जेवण छान होतं."

"वर उंदीर झालेत वाटतं," मावशी छताकडे बघत म्हणाली. "चढून बघू का?"

"नको," गप्पू म्हणाला, आणि शिडी उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उजाडताच उठला. शर्ट स्वतःचाच घातला, करड्या रंगाचा, खिशापाशी इस्त्रीने पोळलेला. माळ्यावरून काहीही आवाज येत नव्हता, आणि हेच त्याला बरं वाटलं नाही. तो चालत निघाला, मग भरभर, मग त्याला कुणी पळताना पाहिलं असतं तर हसलंच असतं.

बटणवाली नुकतंच शटर वर करत होती.

"आलात!" ती म्हणाली. मग त्याच्या शर्टाकडे पाहिलं. "निळा म्हणाला होतात."

"आत," गप्पू म्हणाला. "आधी आत चला."

त्याने तिला आत घेतलं, शटर खेचून खाली पाडलं आणि त्याला पाठ लावून जमिनीवर बसला. दुकानात अंधार झाला. बटणांच्या काचेच्या बरण्या तेवढ्या चमकत होत्या. तिने दिवा लावला, कमरेवर हात ठेवले आणि उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"ते... ती वाक्यं... लिहिणारा मी नाही. म्हणजे, पहिलं माझं होतं. पण मी खोडलं होतं. दुसरं मनातलं होतं. तिसरं... तिसरं माझं नाहीच. मी तो आहे, जो... पांढरी मागवतो. चार भोकांची."

तिने कमरेवरचे हात खाली घेतले.

"मग मी इतके दिवस उत्तरं कुणाला देत होते?"

बाहेरून शटरवर कुणीतरी टकटक केली. अगदी सभ्यपणे. थोडा विचार केल्यासारखं थांबून, पुन्हा.

शटरखाली बोटभर फट राहिली होती. बटणवालीने वाकून पाहिलं. ती खूप वेळ वाकून राहिली, आणि सरळ झाली तेव्हा तिचे ओठ बटणं मोजताना हलतात तसे हलत होते.

"पाय नाहीत का?" गप्पूने हळूच विचारलं.

"विजारीची घडी फार सुरेख आहे," ती तेवढ्याच हळू म्हणाली.

मग तिने चेनच्या रिळांचं मोठं खोकं कोपऱ्यातून ओढत आणलं, शटरला टेकवलं, आणि गप्पूच्या शेजारी, त्याच्यासारखीच शटरला पाठ लावून बसली. टकटक तिच्या पाठीला लागत होती, त्याच्याही.

"बोला," ती म्हणाली. "काय विचारायचं होतं? आणि मोठ्याने बोला, मला ही टकटक ऐकायची नाहीये."

गप्पूने तोंड उघडलं. एकही वाक्य तयार नव्हतं. आदल्या रात्री त्याने मुद्दाम मनात काहीही जुळवलं नव्हतं.

"तुम्ही... मला... म्हणजे मी तुम्हाला... असं आहे की..."

"हं."

"थांबा, परत सांगतो."

"सांगा. मी कुठे जातेय?"

आणि त्याने परत सांगायला सुरुवात केली, अडखळत, चुकत, मोठमोठ्याने.